लाथ आधी की दुखणं

डायलिसिसच्या पेशंटचं पहिलं उत्तर मी कधी खरं धरलं नाही. पाणी किती प्यायलात विचारलं, की "दोन घोट". वजन मात्र तीन किलोनं वाढलेलं.

बोरी अरबजवळच्या तांड्यावरची ती बाई चार वर्षं आमच्याकडे येत होती. त्या गुरुवारी आली ती नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून. चेहरा पांढराफटक, हात गार, रक्तदाब खाली, डावी कूस दाबून धरलेली.

"कापूस वेचून राह्यली होती, उसण भरली," नवरा म्हणाला. त्या वर्षी भाव पडलेले, वेचणीला मजूर लावणं कुणाला परवडत नव्हतं. पण तो माझ्याकडे न बघता बोलला. लुगडं सरकवलं तर कमरेवर काळंनिळं. मी त्याला चहाला पिटाळलं.

"मारलं का यानं?"

तेवढ्यातही ती हसली. "यानं? याले कोंबडी कापता येत नाही, ताई. जावेनं मारली लाथ. पायाळू आहे ना ते. मीच म्हटलं, मार."

पायांकडून जन्मलेल्या माणसानं लाथ मारली की उसण जाते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. माझी आईसुद्धा.

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही खेकसता."

"लाथ आधी की दुखणं?"

"दुखणं. सोमवारी इथून घरी गेली तवापासून. लाथ काल."

सोमवारी मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन मीच दिलं होतं. आजचं भरून ठेवलेलं बाजूला काढलं आणि डॉक्टरांना बोलावलं. हिमोग्लोबिन नऊवरून सहावर आलेलं. सोनोग्राफीत डाव्या किडनीभोवती रक्त साचलेलं दिसलं.

"वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलं की किडनीत पाण्याच्या गाठी होतात. एखादी आपोआपही फुटते," डॉक्टर म्हणाले. रक्त चढवून तिला नागपूरला धाडायचं ठरलं. तिथे मांडीच्या शिरेतून नळी घालून वाहती शीर बंद करतात.

गाडीपाशी नवऱ्यानं विचारलं, "वहिनीच्या लाथेनं झालं का?"

"दुखणं लाथेच्या आधीचं," मी म्हणाले. हेपारिन दुखण्याच्याही आधीचं, हे फक्त डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फाइलवर लिहिलं : हेपारिन बंद.

तीन आठवड्यांनी ती परत आली. मी सिरिंज उचलताच तिनं माझं मनगट धरलं.

"त्याच्यात काय आहे? रक्त पातळ करायचं औषध मले चालत नाही म्हणे, नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं."

"नुसतं सलाईन."

"बाटली दाखवा."

दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांकडून तिनं अक्षर न् अक्षर वाचून घेतलं, आणि मगच हात पुढे केला.