ओ न दिलेला महिना

घरचे मला बडबड्या म्हणतात. म्हणू देत. कुणी हाक मारली की मी पहिल्या हाकेला ओरडून ओ देतो, परसात असलो तरी, तोंडात घास असला तरी. सून वैतागते, "मामंजी, शेजारी दचकतात." दचकू देत मेले! मी आण्णाप्पा, खानापुरातल्या लाकडाच्या वखारीत पंधरा वर्षं करवतींच्या दातांना कानस मारली. त्यातला एक महिना मी तोंड मिटून काढला. ही गोष्ट त्या महिन्याची आणि रवळूची.

रवळू कणकुंबीकडचा. उंच, किडकिडीत, आणि जिभेला जरा म्हणून विसावा नाही. माणसाशी बोलायचा, बैलाशी बोलायचा, कुणी नसलं तर ओंडक्याशी बोलायचा. बारा वर्षं तो करवतीच्या खड्ड्यात खालचा गडी होता. न्हाऊन आला तरी त्याच्या कानात भुसा असायचा. खोकायला लागला की मिनिटभर थांबायचा नाही, आणि थांबला की पहिली थट्टाच करायचा, "आण्णाप्पा, माज्या चितेला येगळं लाकूड नगं रं, आतच भरलंय की." मी हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

एकोणीसशे चौतीसच्या आसपासचं सांगतोय. वखारीत यंत्र नव्हतं. पुरुषभर खोल खड्डा, त्यावर दोन आडवी लाकडं, त्यांच्यावर ओंडका. एक गडी ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या हातात एकच लांब करवत. वरच्याला सूत मारलेली रेघ दिसते. खालच्याला काही म्हणजे काही दिसत नाही. कडेनं फळ्या टाकलेल्या, वरून सारखा भुसा, डोळ्यांवर फडकं. त्यानं भरवसा ठेवायचा तो वरच्याच्या आवाजावर. म्हणून एक नियम होता, आणि तो ठेकेदाराचा नव्हता, आमच्या बापजाद्यांचा होता. ओंडका हलवायचा झाला की वरच्यानं 'निघ!' म्हणायचं, खालच्यानं बाहेर येऊन 'निघालो!' म्हणायचं. तो शब्द कानावर पडल्याशिवाय ओंडक्याला हात लावायचा नाही. जोडीदारांचं कितीही भांडण असो, हे दोन शब्द कुणी गिळत नसे.

रवळूचा जोडीदार मष्णू. आडव्या अंगाचा, मानी, बोलायला कंजूस. दोघं बारा वर्षं एका करवतीला. एकानं पान लावलं तर अर्धं दुसऱ्याचं. मष्णूच्या लग्नात रवळू वरातीपुढं इतका नाचला होता की चार दिवस लंगडत होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर वैद्यानं रवळूला स्पष्ट सांगितलं, भुसा सोड, नाहीतर पुढचा पाऊस बघायचा नाहीस. त्याच्या बायकोच्या, जयाबाईच्या भावानं बेळगावात एका शाळेत शिपायाची जागा बघितली. घंटा द्यायची, झाडलोट करायची, मोकळ्या हवेत फिरायचं. हेडमास्तर म्हणाले, घेतो, पण आधीच्या मालकाचा चांगल्या वागणुकीचा दाखला आणा. म्हणून रवळू ठेकेदार मारुतीरावाकडं गेला आणि म्हणाला, माघी अमावास्येला मी वखार सोडतो.

मारुतीराव ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हसला. "जा की रवळू. महिना भर, दाखला घे आन् जा." आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोळा करून तसाच हसत म्हणाला, रेल्वेचे रुळाखालचे सिलिपाट शिमग्याआधी द्यायचेत, एक जोड मोडतेय, तेव्हा यंदा शिमग्याला सुट्टी कुणालाच नाही. रवळूला दुवा द्या.

झालं! शिमग्याला गावी जायचं म्हणून माणसं वर्षभर दिवस मोजायची. त्याच दुपारी पंगतीत रवळू बसला आणि शेजारचे दोघं उठून पलीकडं जाऊन बसले. पाण्याच्या मडक्यावरचा पेला कुणीतरी लपवला. त्यानं हाक मारली की माना खाली. मीही त्यातलाच. मला लेकीच्या सासरी जायचं होतं शिमग्याला, आणि मारुतीरावाच्या डोळ्यांत खुपायचं नव्हतं. धीट माणूस असल्याचा आव मी कशाला आणू?

मष्णूचं दुखणं निराळं होतं. जोड मोडली की एकट्याला करवत मिळत नाही, ओंडके ओढायच्या कामाला लावतात. पण तेही त्यानं सोसलं असतं. वखार सोडायची तर पहिलं जोडीदाराला सांगायचं, मग मालकाला, ही आमची रीत. रवळूनं ती मोडली. मला नंतर म्हणाला, "मष्णूचं त्वांड बघून माज्यानं सांगवलं नसतं रं. ऱ्हा म्हनला असता तर मी ऱ्हायलो असतो." हे त्यानं मष्णूला सांगायला हवं होतं. सांगायला गेलाही, दोनदा. मष्णू पाठ फिरवून निघून गेला.

मग मष्णूनं 'निघ' म्हणणं सोडलं. ओंडका फिरवायचा झाला की नुसता टाच आपटायचा, दोनदा. धप्, धप्. खालून रवळू वर यायचा आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "निघालो रं मष्णू!" रोज. उत्तर नाही. मी माझ्या छपरात कानस मारत ती टाच ऐकायचो. पंधरा दिवसांनी ती टाचही एकदा वाजली नाही. रवळू थकून वर आला आणि त्याचा पाय कडेवर टेकतो न टेकतो तोच ओंडका फिरला, त्याच्या धोतराचा सोगा खाली अडकला. रवळू हसायला गेला, पण चेहरा पांढराफटक. मारुतीराव समोर उभा होता. पान चघळत बघत राहिला आणि मग हिशेबाच्या खोलीत निघून गेला.

त्या संध्याकाळी मी रवळूला वाटेत गाठलं, आजूबाजूला कुणी नाही बघून. म्हटलं, "मर्दा, सोड आजच. जीव घेतील हे."

"दाखला नको व्हय?" तो म्हणाला. "आणि मष्णू माजा जीव घील व्हय रं? खुळा हैस तू. रुसलाय त्यो. जाताना बोलंल बघ."

अमावास्या आली. वखारीची आणखी एक जुनी चाल होती. सोडून जाणाऱ्याला शेवटच्या दिवशी वर उभं करायचं आणि जोडीदारानं खाली उतरायचं. जाणारा खड्डा वरून बघून गेला की खड्डा त्याला परत बोलावत नाही, अशी समजूत. सकाळी मष्णू काही न बोलता खाली उतरला. रवळू ओंडक्यावर चढला. नवा सदरा घालून आला होता, संध्याकाळच्या गाडीनं बेळगावला जायचं म्हणून. जयाबाई बोचकी बांधून बसली होती. चढताना मला म्हणाला, "आण्णाप्पा, वरनं झ्याक दिसतंय की सगळं! बारा वर्सं फुकट घालवली."

दुपारपर्यंत ऐनाचा तो ओंडका तीनातले दोन हिस्से कापून झाला. मग रवळूला खोकला आला. तो ओंडक्यावरच बसला, डोळे मिटले, दोन्ही हातांनी छाती धरली. खोकला थांबेना. तेवढ्यात मष्णू खड्ड्याच्या पलीकडच्या टोकानं वर आला. निघालो म्हणाला नाही. फळ्यांच्या ढिगाआड, माझ्या छपरापासून दहा पावलांवर उभा राहून तंबाखू मळू लागला. मी पाहिलं त्याला. रवळूनं नाही.

कडाड् असा आवाज झाला. ओंडक्याखालचं एक आडवं लाकूड तडकलं होतं. रवळू उडी मारून कडेला आला आणि ओरडला, "मष्णू, निघ!"

मष्णूचा मळता हात थांबला.

"मष्णू, निघालास काय रं?"

मष्णूनं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या ओठांवर शब्द होता, मी शपथेवर सांगतो, होता. माझ्याही होता. तो इथं आहे रे, एवढंच तर म्हणायचं होतं. पण महिनाभर मिटलेलं तोंड लगेच उघडत नाही. मला वाटलं तो बोलेल. त्याला वाटलं असेल मी बोलेन. दोन श्वास गेले असतील, जास्त नाही.

"मष्ण्याऽऽ!" रवळूचा आवाज फाटला. फळ्यांनी झाकलेल्या त्या काळोखात त्याला जोडीदार दिसत नव्हता, आणि ओ येत नव्हती. नियम पाठ होता त्याचा. निघालो ऐकू आलं नाही म्हणजे माणूस आत आहे. त्यानं फळी बाजूला फेकली आणि आत उडी टाकली.

मग ओंडका खड्ड्यात गेला.

"निघालो!" मष्णू ओरडला. "निघालो रं रवळू! निघालो! मी हितं हाय!" तो ओंडक्याला कवटाळून ओरडत होता, आम्ही आठ जण तो उचलेपर्यंत ओरडत होता. त्यानंतर मष्णू कुठलंही दार ओलांडताना निघालो म्हणायचा, स्वतःच्या घरातून बाहेर पडतानाही. त्यानं वखार सोडली, आणि पाचच वर्षं जगला.

मारुतीरावानं दुसऱ्या दिवशी दाखला लिहून पाठवला. चांगली वागणूक. सही ठसठशीत. शिमग्याची सुट्टीही दिली सगळ्यांना. मी लेकीकडं गेलो नाही.

तेराव्याला जयाबाईकडं गेलो. बांधलेली बोचकी अजून तशीच होती. तिनं मला विचारलं, "आण्णाप्पा भावजी, शेवटचं काय बोल्ले त्ये?"

मी सांगितलं. मष्णू, निघालास काय, असं म्हणाला.

"तीन हाका मारल्या म्हनं."

"व्हय."

"मंग कुनीच ओ दिली न्हाय?"

मी बोचक्यांच्या गाठी बघत बसलो. तिनं विचारलं, "तुमी कुठं व्हता?"

"दहा पावलांवर."

जयाबाई अजून इथंच आहे, रेल्वे फाटकाजवळ भावाच्या घरात. आता आम्ही दोघंही म्हातारे. रविवारच्या बाजारात ती समोर दिसली की मी अजून हाक मारतो, "जयाबाई, बरी हैस न्हवं?" ती ऐकते. पाटी डोक्यावर सावरते आणि पलीकडून निघून जाते. तेवीस वर्षं झाली, तिनं मला ओ दिलेली नाही.