लुगडं बैल खात नाही

लोक इतिहास पुस्तकांतून शिकतात. माझी आत्या तो बैलांकडून शिकली. सोलापूरच्या कॉलेजात शिकवायची, लग्न केलं नव्हतं, आणि डोक्यात एकच प्रश्न ठाण मांडून होता : गिरण्या नव्हत्या, आगगाडी नव्हती, तेव्हा एक गाव बाळसं धरतं आणि शेजारचं तसंच राहतं, ते का? बाजारात बैलगाडी दिसली की गाडीवानाला थांबवून विचारायची, "दिवसाला किती खातो हो हा?" आणि उत्तर मिळेपर्यंत बैलाच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत राहायची. मी तेव्हा सत्तरच्या दशकातली कॉलेजकन्या. नायलॉनची साडी नेसून, मैत्रिणीचा गॉगल लावून स्वतःला नटी समजणारी. लाजेनं मिरच्यांच्या ढिगात तोंड खुपसून उभी राहायची. "ज्वारी लांब न्यायची तर वाटेत बैलच ती संपवतो," आत्या तिथूनच मला ओरडून शिकवायची, "लुगडं बैल खात नाही. म्हणून विणकर बसले ते गाव वाढलं." सगळा बाजार माझ्याकडं बघायचा.

मला बघायला मोहोळचे पाहुणे आले, तेव्हा पोहे हातात पडताच तिनं मुलाच्या वडलांना विचारलं, "गिरण्यांच्या आधीसुद्धा तुमचं गाव सोलापूरच्या मागंच का राहिलं?"

"आमी पोरगी बगायला आलोय बाई," बशी खाली ठेवत ते म्हणाले, "गावाची परीक्षा द्यायला न्हाय."

नकार आला. मी अन्नपाणी सोडलं, म्हणजे घरच्यांना तसं वाटलं. चिवड्याचा डबा माझ्या पांघरुणात होता. आत्यानं मात्र खरंच काहीतरी सोडलं. बाजारात ती बैलाशेजारून मान खाली घालून जायला लागली, आणि तिच्या ओरडण्याची वाटली नव्हती एवढी लाज मला त्या गप्प बसण्याची वाटायला लागली.

पुढचं स्थळ होटगीचं. आत्या स्वैपाकघरातून बाहेरच येईना. "तुझं जमू दे गं," एवढंच म्हणाली. मुलाच्या वडलांनी रीतीप्रमाणं मला विचारलं, "तुला काय इचारायचं हाय का?"

माझी जीभ परस्पर वळली. "रेल्वे यायच्या आधी तुमच्याकडचा मोठा बाजार कुठं भरायचा, आणि तिथंच का?"

आईनं कपाळाला हात लावला. ते विचारात पडले. "वळसंगाकडं. पाणी हुतं की तितं."

"विहिरी शेजारच्या गावातही होत्या की हो," आतून आवाज आला आणि मागोमाग पीठभरल्या हातांनी आत्या.

वाद घालता घालता दोघांचे चहा गार झाले. मुलाकडं कुणी बघितलंच नाही, मीही नाही. त्याला टक्कल पडत चाललंय हे मला थेट लग्नात कळलं.

पुढं कितीतरी दिवाळ्या आत्या आणि माझे सासरे त्या बाजारावरून भांडत राहिले. सासरे गेले त्या दिवशी सगळे उठून गेल्यावरही आत्या ओसरीवर बसून होती. जवळ गेले तर म्हणाली, "आता विचारू कुणाला गं?"