एकतीसच्या एकतीस वजने वाढली

डिसेंबरच्या पाच तारखेला अंगणवाडीत एकतीस मुलांची वजने झाली. एकतीसच्या एकतीस मुलांचे वजन वाढले होते.

ही अंगणवाडी अकोल्यापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या एका गावात आहे. मी तिथली पर्यवेक्षिका. माझ्याकडे अशा बावीस अंगणवाड्या होत्या. सेविका दर महिन्याला मुलांचे वजन आणि उंची मोबाइलच्या अॅपमध्ये भरते. अॅप उंचीच्या मानाने वजन पाहून रंग दाखवते. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे मध्यम कुपोषित, लाल म्हणजे अतितीव्र. लाल मुलाला घरी नेण्याच्या आहाराच्या पाकिटांखेरीज अंगणवाडीत दिवसातून चार-पाच वेळा जादा आहार मिळतो. रंग हिरवा झाला की जादा आहार थांबतो.

नोव्हेंबरमध्ये या गावात तीन मुले लाल होती. डिसेंबरमध्ये एकही नव्हते.

आमच्या प्रकल्प अधिकारी साहेबांनी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. खाली भराभर अंगठे आले. माझाही होता. शुक्रवारी जिल्ह्याचा आढावा होता. त्यात हे गाव दाखवायचे ठरले. सेविकेचा बऱ्या झालेल्या मुलाबरोबर फोटो हवा, असा निरोप मला आला.

फोटोसाठी मूल निवडायला मी यादी उघडली, तेव्हा तारीख तेरा होती. पहिले नाव आरोहीचे. वय चौदा महिने. नोव्हेंबरमध्ये सहा किलो दोनशे, लाल. डिसेंबरमध्ये सहा किलो नऊशे, हिरवा. एका महिन्यात सातशे ग्रॅम.

या वयाचे निरोगी मूल महिन्याला दोनशे-अडीचशे ग्रॅमने वाढते. जादा आहारावरचे मूल अधिक वाढू शकते. पण यादीतली बाकीची मुलेही तशीच होती. आठ किलोचे मूल किलोभराने वाढले होते, तेरा किलोचे पावणेदोन किलोने. मूल जेवढे मोठे, वाढ तेवढी जास्त.

दोन कारणे संभवत होती. सेविकेने आकडे घरी बसून भरले असतील, हे एक. दुसरे जास्त वाईट होते. अतितीव्र कुपोषणात काही मुलांच्या अंगात पाणी धरते. वजन वाढत जाते आणि मूल आतून खंगत जाते. एकतीसच्या एकतीस मुलांना सूज येणार नाही, हे मला कळत होते. आरोहीला आली नसेल, हे मात्र सांगता येत नव्हते. तिचा जादा आहार आठ दिवसांपूर्वीच थांबला होता.

मी साहेबांना फोन केला.

“साहेब, आकडे तपासते, मग फोटो पाठवते.”

“मॅडम, वजन घटलं तरी तुम्ही फोन करता, वाढलं तरी फोन करता.”

“एका मुलीचं सातशे ग्रॅम वाढलंय.”

“मग चांगलंच आहे की. शुक्रवारच्या आत कळवा म्हणजे झालं.”

चौदा तारखेला, बुधवारी सकाळी मी गावात पोचले. सेविका सुनंदाताई सोळा वर्षे या कामात होत्या. त्यांनी आरोहीची आई ज्योती हिला बोलावून घेतले. ज्योती कापूस वेचायला निघाली होती. कमरेला वेचणीची ओटी बांधलेली, कडेवर आरोही. ज्योतीला पाचवा महिना होता. गरोदर म्हणून तिचेही नाव आहाराच्या यादीत होते.

मी आधी आरोहीची पावले पाहिली. अंगठ्याने दाबून थोडा वेळ धरले. सूज असेल तर खड्डा राहतो. खड्डा नव्हता.

मग दंडाला पट्टी लावली. ही रंगीत पट्टी दंडाचा घेर मोजते. घेर लालमध्ये आला. मी पट्टी काढून दुसऱ्या दंडाला लावली. लालच.

“सुनंदाताई, वजन करा.”

तान्ह्या मुलांचा डिजिटल काटा दुरुस्तीला गेला होता. तेव्हापासून सगळ्या मुलांसाठी वापरात होता तो तबकडीचा, टांगायचा जुना काटा. रिकामी झोळी लावली, काटा शून्यावर होता. आरोहीला झोळीत बसवले. सहा किलो नऊशे.

ज्योतीचे वजन मोठ्यांच्या, उभे राहायच्या डिजिटल काट्यावर घेतले. चव्वेचाळीस किलो दोनशे. नोव्हेंबरमध्ये पंचेचाळीस होते. पाचव्या महिन्यात आईचे वजन घटले होते आणि अंगावर पिणाऱ्या मुलीचे सातशे ग्रॅमने वाढले होते.

मी समोरच्या दुकानातून मिठाच्या एकेक किलोच्या पाच बंद पिशव्या आणल्या आणि झोळीत ठेवल्या. काटा पाच किलो सहाशेच्याही पुढे जाऊन थांबला.

“बाप्पा!” ज्योती म्हणाली.

सुनंदाताई झोळीतून पिशव्या काढू लागल्या.

“ताई, हा काटा कुठे गेला होता?”

“कुठी नाई जी.”

“सुनंदाताई.”

“भाऊजीनं नेला होता,” त्या म्हणाल्या. “दिवाळीच्या मांगं, नोव्हेंबरची वजनं झाल्यावर. म्हने, वहिनी, दोन दिवसांचं काम हाय.”

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर गजाननराव. वेचणीची मजुरी किलोवर असते. म्हणून रोज संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीच्या फांदीला काटा टांगून प्रत्येकीचे गाठोडे मोजतात. गजाननरावांचा काटा बिघडला, म्हणून त्यांनी अंगणवाडीचा नेला. तो पंचवीस किलोचा होता. कोणीतरी चाळीस किलोचे गाठोडे अडकवले. आतली स्प्रिंग तुटली. त्यांनी काटा अकोल्याला जुन्या शहरात नेऊन दुरुस्त करून आणला.

दुरुस्त करणाऱ्याने हाताशी असलेली दुसरी स्प्रिंग बसवली. ती मूळच्यापेक्षा नरम होती. रिकामा काटा शून्यावर येत होता. पुढे वजन जेवढे जास्त, तेवढी चूक मोठी.

गजाननराव बोलावल्यावर लगेच आले.

“कापसाले चालेच ना थो,” ते म्हणाले. “वावरात जेवढा भरे, गावातल्या वजनकाट्यावर त्याच्याहून कमी. दोन दिस पायलं न् परत देल्ला.”

“वहिनींना सांगितलं नाही?”

“सांगतलं ना. म्हटलं, कापसाले जमत नाई. लेकरायचं काय, दहा-बारा किलोचं काम.”

सुनंदाताईंनी मान हलवली. त्यांना तसेच सांगितले गेले होते. काटा तुटल्याचे मात्र त्यांनी कोणाला कळवले नव्हते. सरकारी वस्तू बाहेर दिली म्हणून नोटीस येईल, ही भीती होती.

मी अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन साहेबांना फोन केला. झालेले सांगितले.

“एकतीसही चुकीचे?”

“हो.”

“मग शुक्रवारी मी काय दाखवू?”

“जे निघेल ते.”

“शेजारच्या गावचा डिजिटल काटा मागवा,” ते म्हणाले. “आधी ती तीन लाल. फोटो राहू द्या.”

काटा मोटरसायकलवरून आला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. मी आधी मिठाच्या पाच पिशव्या ठेवल्या. पाच किलो आणि वर थोडे ग्रॅम, पिशवीच्या प्लॅस्टिकचे. मग आरोहीला ठेवले.

सहा किलो शंभर. नोव्हेंबरपेक्षाही शंभर ग्रॅम कमी.

“मले त वाटतच होतं,” ज्योती म्हणाली. “कडेवर हलकीच लागे. पन मशीन म्हने वाढली, त म्या म्हटलं मलेच समजत नसन.”

बोलावल्यावर आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या. आरोहीच्या अंगात ताप होता. त्यांनी भूक चाचणी घेतली. म्हणजे औषधी आहाराची पेस्ट आईच्या हाताने द्यायची आणि मूल किती खाते ते पाहायचे. खाल्ली तर उपचार गावात होऊ शकतो. नाही खाल्ली तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. आरोहीने पहिले बोट चाटले. दुसऱ्या बोटाला तोंड फिरवले. नर्सबाईंनी अर्धा तास वाट पाहिली. ज्योतीने पाणी पाजून पुन्हा दिले, गाणे म्हणून दिले. आरोहीने ओठ मिटून घेतले.

“आजच न्यावं लागेल,” नर्सबाई म्हणाल्या.

तोपर्यंत ज्योतीच्या सासूबाई शांताबाई आल्या होत्या. त्यांनी दारातूनच सुरुवात केली.

“कुठी नेता? आठ दिस नाई झाले, हे सुनंदा आमच्या घरी येऊन म्हने, मावशी, पोट्टी हिरवी झाली, गुळाचा खडा द्या. देल्ला म्या. आता दवाखाना कायले?”

“आजी, ते वजन चुकीचं होतं,” मी म्हणाले.

“तवा बरोबर होतं, आता चुकीचं झालं? उद्या अजून तिसरं काई सांगसान. हिले पाचवा हाय. हे पंधरा दिस तेथं बसन त घरी पान्याचा हंडा कोन आनन? तुमी आनान?”

मी रंग, पट्टी, भूक चाचणी समजावून सांगू लागले. शांताबाईंनी ज्योतीच्या कडेवरून आरोहीला घेतले आणि त्या पायरी उतरू लागल्या. त्या घरी गेल्या असत्या तर आम्हाला त्यांना अडवता आले नसते. दाखल करायला घरच्यांची संमती लागते.

सुनंदाताई आडव्या आल्या.

“मावशी, काटा म्या भाऊजीले देल्ता कापूस मोजाले. थो तुटला. म्या कोनाले सांगतलं नाई. तुमची पोट्टी हिरवी झालीच नवती.”

शांताबाई थांबल्या.

“हे मॅडमच्या समोर म्हनून राहिली तू?”

“हो.”

“नोकरी जाईन ना तुई.”

“जाईन त जाईन. तुमी पोट्टीले न्या.”

शांताबाईंनी आरोहीच्या कपाळाला हात लावला. मग तो हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवून त्या सुनेकडे वळल्या.

“ज्योती, चाल. कपडे भर. गोधडी बी घे, तेथं थंडी वाजन. हंड्याचं पाहू.”

आरोग्य केंद्राची गाडी अडीच वाजता आली. ज्योती आणि आरोहीबरोबर शांताबाईही बसल्या. साडेचारच्या सुमारास आरोही अकोल्यात दाखल झाली. नर्सबाईंनी तसे फोनवर कळवले.

बुधवारी आणि गुरुवारी एकतीसही मुलांची वजने पुन्हा घेतली. चार लाल निघाली. तीन जुनी आणि एक नवीन, तीन वर्षांचा मुलगा, जो नोव्हेंबरमध्ये पिवळा होता. आरोही सोडून बाकीच्या तिघांनी भूक चाचणीत पेस्ट खाल्ली. त्यांचा जादा आहार गुरुवारपासून सुरू झाला. शुक्रवारच्या आढाव्यात साहेबांनी चार हा आकडा दाखवला.

सुनंदाताईंना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी दोन ओळींचे उत्तर दिले. नोकरी राहिली. नोटीस मलाही होती. आकडे भरल्यापासून नऊ दिवस तपासणी का झाली नाही, असे विचारले होते. मी यादी उघडली नव्हती, असे उत्तर दिले.

माझ्या बावीसही अंगणवाड्यांत आता मिठाच्या पाच पिशव्या असतात. दर महिन्याला पहिले वजन त्यांचे होते. तबकडीचा काटा कार्यालयाच्या कपाटात सीलबंद आहे.

आरोही चौदा दिवसांनी घरी आली. सुटी झाली तेव्हा वजन सहा किलो पाचशे होते. मार्चमध्ये डिजिटल काट्यावर ते सहा किलो नऊशे भरले. उंची वाढली होती. रंग पिवळा आला.