साळवे मॅडमचे होलोग्राम

साळवे मॅडम कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी खिडकीकडे तिरपी धरत. बियाण्याची पिशवी असो, कॅसेट असो, बॅटरीचा सेल असो. त्यावर चमकता होलोग्राम असला की तो हलक्या हाताने सोडवून चित्रकलेच्या वहीत चिकटवला जाई. नेवाशाजवळच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्या औषधभांडार सांभाळायच्या, मी नर्स होते. “सिस्टर, नुसती चमक बघू नका,” त्या म्हणत, “आत खोली हाय का ते बघा.” एरवी अगदी छापील बोलायच्या, पण रंगात आल्या की कर्जतकडची गावची बोली बाहेर पडे.

नव्याण्णव साल असेल. दर शनिवारी त्या एसटीने नगरला जाऊन इंटरनेटच्या दुकानात बसत. होलोग्राम जमवणाऱ्यांचा ईमेलवर एक गट होता. एकाने लिहिलं की ते सगळ्यांना पोचे. होलोग्राम स्कॅन केला तर नुसता करडा डाग उमटतो, म्हणून ही मंडळी एकमेकांना शब्दांत वर्णन करून सांगत आणि जादाचे नमुने टपालाने पाठवत. मॅडम डिक्शनरी घेऊन जात. गटात त्यांच्या वर्णनांना मान होता, हे त्या लाजत सांगत.

त्या हिवाळ्यात सर्पदंशाच्या लसीची खोकी नव्या विक्रेत्याकडून आली. मॅडमनी एक खोकं खिडकीशी धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. वहीतला त्याच कंपनीचा जुना होलोग्राम काढून शेजारी धरला. मग सगळी खोकी वेगळ्या कपाटात कुलूपबंद केली. व्यवस्थापक भडकले. “चित्रं चिकटवायचा नाद घरी ठेवा. विक्रेता अध्यक्षांच्या नात्यातला आहे.”

मॅडमनी त्यातल्या बाटल्या तपासणीला पाठवल्या आणि गटाला विचारलं. पुण्याच्या एका निवृत्त छपाईतज्ज्ञाकडे त्याच कंपनीचा होलोग्राम होता. त्यांचं उत्तर आलं: डावीकडे झुकवल्यावर चित्रातल्या झाडाच्या पानामागे दुसरं पान दिसायला हवं. आमच्या खोक्यांवर ते दिसत नव्हतं. पण त्यांनी खाली लिहिलं होतं, कंपनीने नमुना बदललाही असेल.

तपासणीचा अहवाल यायच्या आतच एका दुपारी ऊसतोडीच्या फडावरून बाई आली. घोणस चावली होती. पाय मांडीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. जुन्या साठ्यातल्या आठच बाटल्या होत्या, त्या पुरणार नव्हत्या. तरी त्या सुरू केल्या.

“कपाट उघडा,” डॉक्टर म्हणाले.

“नको, साहेब. हिला नगरला हलवा.”

“चिकटचित्राच्या भरवशावर मी पेशंट घालवू?”

बाईचा नवरा कपाटापाशीच उभा होता. “बाई, औषद हाय ना आत? मंग द्या की! पाया पडतो.”

मॅडमनी त्याचे हात धरले. “दादा, त्यात औषद हाय का न्हाई, तेच म्हाईत न्हाई.” मग डॉक्टरांकडे वळल्या. “हे दिलं तर त्याच्या भरवशावर तुम्ही तिला इथंच ठेवाल. तेवढ्यात हातातली वेळ जाईल.”

 डॉक्टरांनी जीप काढायला सांगितली आणि नगरच्या रुग्णालयाला फोन लावला.

जीपमध्ये बाईचं डोकं मॅडमच्या मांडीवर होतं, सलाइनची बाटली माझ्या हातात. घोडेगाव मागे पडलं तेव्हा नवऱ्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्या म्हणाल्या, “सिस्टर, माझं चुकलं असलं तर?”  त्या उरलेला सगळा रस्ता बाईची नाडी धरून बसल्या.

नगरला लस मिळाली. बाई वाचली. पण “खोकी अस्सल असती तर हा जिवाशी खेळ झाला असता,” असा ठपका ठेवून व्यवस्थापकांनी आठवड्याभरात मॅडमना काढून टाकलं. डॉक्टर त्यांच्या बाजूने बोलले, पण उपयोग झाला नाही. वही पिशवीत घालून त्या कर्जतला भावाकडे गेल्या.

त्यानंतर महिन्याने अहवाल आला. मी एसटीडी बूथवरून त्यांच्या भावाच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, मॅडमना बोलावून घेतलं आणि वाचून दाखवलं: बाटल्यांत लस नव्हती, नुसतं मिठाचं पाणी होतं.

  पलीकडून हुंदका ऐकू आला. नोकरी गेली त्या दिवशीही ज्या रडल्या नव्हत्या, त्या मॅडम रडत होत्या.

“महिनाभर जेवले न्हाई मी नीट,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटले की तो माणूस पाया पडताना दिसायचा.”