घटावरचा उजेड

घटाचं धान जितकं उंच आणि पिवळं, तितकं त्या घरावर देवीचं लक्ष जास्त, असं आमच्या गावात मानतात. आमचं गाव धारूरच्या बाजूचं. नवरात्रात देवघराच्या कोपऱ्यात शेतातली काळी माती पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, करडई असं धान्य पेरायचं, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा आणि शेजारी अखंड दिवा. दसऱ्याला उगवलेलं धान बायका केसात माळतात, पुरुष टोपीत खोचतात. कोणाच्या टोपीतलं धान किती लांब, हे पारावरची माणसं बारकाईनं बघतात.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. त्या उंचीचं कारण मला ठाऊक होतं आणि वर्गात मी ते सांगतही असे. अंधारात उगवलेल्या रोपाला एकच घाई असते, उजेड गाठायची. पानं मिटलेली, शेंडा आकड्यासारखा वाकलेला, आणि बियातली सगळी शिदोरी खोड लांबवण्यात खर्च. हे काम रोपातली संप्रेरकं करून घेतात. ऑक्झिन, जिबरेलिन ही त्यांतली काही. उजेड पडला की रोपातलं एक रंगद्रव्य तो ओळखतं आणि लांबवणाऱ्या संप्रेरकांना आवर बसतो. खोड थांबतं, जाड होतं, पानं उघडून हिरवी होतात. बुटकं हिरवं रोप निरोगी असतं. उंच पिवळं रोप उजेडासाठी धडपडत असतं.

दिव्याकडे धान झुकतं त्याचंही तसंच. सावलीच्या बाजूला ऑक्झिन जास्त जातं, ती बाजू जास्त वाढते, म्हणून रोप उजेडाकडे वाकतं. माय म्हणायची, धानानं देवीपुढं मान लववली. मी काही बोलत नसे. त्यात कोणाचं वाईट होत नव्हतं.

एका वर्षी मात्र झालं. त्या उन्हाळ्यात मी घरावरचे जुने पत्रे बदलले आणि देवघरावर एक पारदर्शक पत्रा टाकला. दिवसा दिवा लावल्याशिवाय आत काही दिसायचं नाही, म्हणून. माय म्हणाली होती, "देवाच्या डोक्यावर कशाला उजेड पाहिजे?" मी हट्टानं टाकला.

त्याच वर्षी मायचे गुडघे धरले आणि घटाचा मान तिनं धाकट्या भावाच्या बायकोला दिला. माझ्या बायकोला ते लागलं. धाकटीनं नऊ दिवस कडक उपास केले, अनवाणी राहिली, रोज घटाला माळ घातली. धान आलं ते बोटभर, जाड, हिरवंगार. टोपीत खोचलं की खाली पडायचं.

मायनं ते बघितलं आणि अंगणात शेजारणींसमोर म्हणाली, "लपवलं हिनं. इटाळात घटाला हात लावलाय."

स्वयंपाकघरातून धाकटीचा आवाज आला, "न्हाई हो आत्याबाई. देवीची आन."

"मग धानाला काय झालंय?"

भाऊ माझ्याकडे आला. "दादा, तू शिकलेला हायस. कावून झालं असंल असं?"

मी वर पत्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, "बी जुनं असेल."

"एकाच पोत्यातलं बी शेजारणीनं नेलंय," माय म्हणाली. "तिचं बघ जाऊन, हातभर आलंय."

माझ्या थापेनं धाकटी आणखीच अडकली. खरं सांगितलं असतं तर पत्रा माझ्या अंगावर आला असता, हे एक. दुसरं कारण त्याहून वाईट होतं. धाकटीचा मान गेला की पुढच्या वर्षी घट माझ्या बायकोकडे येणार होता आणि मला ते हवं होतं.

तो आला. घट बसायच्या आधी मी शिडी लावून छतावर चढलो, त्या पत्र्यावर पोतं पसरलं आणि चारी बाजूंनी दगड ठेवले. कोणी विचारलं तर पत्रा गळतोय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कोणी विचारलं नाही. धान उंच आलं, पिवळंजर्द. माय म्हणाली, "थोरलीच्या हाताला यश हाय." त्यानंतर दरवर्षी नवरात्राआधी पोतं टाकायचं आणि दसऱ्यानंतर काढायचं, हे माझं गुपचूप व्रत झालं. वर्गात मी रोपांचे प्रयोग करून दाखवत होतो, ते याच वर्षांत.

पुढं भाऊ वेगळा झाला, गावातच. त्याच्या घरी घट कधी बसला नाही. धाकटी माझ्यासमोर पदर घेऊन बाजूला व्हायची. मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. ती रीत माझ्या सोयीची होती.

माय गेली, मग माझी बायकोही गेली. यंदा धाकटीच्या सुनेनं घट बसवायची हौस धरली, तर धाकटी तिला म्हणाली, "नको गं. आपल्या घरात उगवत न्हाई. माझ्यातच काई तरी हाय." भावानं हे मला सहज सांगितलं.

मी तिच्या घरी गेलो आणि पत्रा, पोतं, सगळं सांगितलं. तिनं पदर नीट केला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "आत्याबाईंनी साऱ्या गल्लीत सांगितलं होतं. तुमी मला एकटीला सांगून काय व्हायचंय?"

म्हणून दसऱ्याला भावकी सोनं द्यायला तिच्या अंगणात जमली तेव्हा मी उभा राहिलो आणि बोललो. उजेडाचं, संप्रेरकांचं, पत्र्याचं. चुलतभावानं मध्येच हसून विचारलं, "गुरुजी, रिटायर होऊन बी तास घेता व्हय?"

दुसरा म्हणाला, "कोणता घट? कोणाला काय म्हणलं होतं तुमच्या मायनं? आमाला तर काई आठवत न्हाई बा."

"तुमी इसरलात," दारातून धाकटी म्हणाली. "मी न्हाई इसरले."

मग कोणीतरी चहाचं विचारलं आणि माणसं पुन्हा बोलू लागली. सून मात्र माझ्याजवळ आली. "आमच्या देवघरात खिडकी हाय, सर. म्हणजे आमचं बुटकंच येणार?"

"बुटकं आणि हिरवं," मी म्हणालो.

"चालतंय की मग. पुढच्या वर्षी बसवते."

सगळे गेल्यावर कप उचलता उचलता, पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघून धाकटीनं विचारलं, "जाऊबाईंना ठावं होतं का, पोत्याचं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. आपल्या हाताला यश आहे असंच ती समजत होती. दरवर्षी घट उठवताना रडायची."

धाकटीनं कप ताटात ठेवले. "मग त्यांनाबी फसवलंच की तुमी," ती म्हणाली आणि आत गेली.

इतकी वर्षं मी एकाच बाईचा गुन्हेगार आहे असं धरून चाललो होतो. दुसरीला आता सांगता येत नाही.