उदगीरची सर्व्हिस, नौबादची वॉरंटी

इंजिन-गिअरबॉक्सची लांबलचक वॉरंटी तुम्ही घेता, पण ती वेळेला मिळेल का, हे कधी विचारलंत?

माझ्या वडिलांनी, अप्पांनी विचारलं नव्हतं. कर्नाटकातल्या आमच्या चिंताकीहून टोमॅटो सीमेपलीकडं उदगीरच्या बाजारात जातात, म्हणून नव्या पिकअपची सर्व्हिसही ते तिथंच, त्याच कंपनीच्या सेंटरात करायचे. ऐन तोडणीत गिअरबॉक्स गेला. गाडी ओढून, जिथून घेतली त्या बिदरजवळच्या नौबादच्या शोरूमला आणली.

मॅनेजर म्हणाला, "सर्व्हिस महाराष्ट्रात केलीय. वॉरंटी मिळायची न्हाई."

"अण्णा, विकताना देशभर चालती म्हणलास," अप्पा म्हणाले. "आता कामून फिरायलास?"

मी वॉरंटीचं पुस्तक मोठ्यानं वाचलं. तशी अट त्यात नव्हतीच. "मग नकार लिहून द्या, तक्रार करायला लागंल," मी म्हटलं.

"लिहून देत न्हाईत."

"मग आम्हीबी उठत न्हाई."

आम्ही दारातच बसलो. नवी गाडी बघायला येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सगळी हकीकत सांगत राहिले. दुपारी गिअरबॉक्स फुकट दुरुस्तीला घेतला गेला.

वॉरंटी जरूर घ्यावी. पण ती भांडणाऱ्यालाच मिळावी, हे मला मान्य नाही. गप्प घरी जाणाऱ्याचाही तिच्यावर तेवढाच हक्क आहे. म्हणून तुम्हाला नकार मिळाला, तर तो लेखी घेतल्याशिवाय शोरूमची पायरी उतरू नका.