वळवाच्या पावसाचा दावा

माझ्या बायकोचे थोरले भाऊ अकोल्याजवळ शेती करतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती घराणे, काळी जमीन आणि संताप माझ्याइतकाच; म्हणूनच आमचे पटते. गेल्या मार्चमध्ये त्यांनी चर्चला जाणे बंद केले आणि बहिणीचा फोन उचलणेही. कारण ठरला पवित्र शास्त्रातला एक हिब्रू शब्द.

त्या रविवारी आम्ही अमरावतीहून तिकडे उपासनेला गेलो होतो. नव्याने आलेल्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, की प्रभू, आगोटीचा पाऊस दे आणि वळवाचाही दे. शास्त्रात हंगामाच्या पहिल्या आणि अखेरच्या पावसाची ही जोडी आहे, हे मान्य. पण बाहेर हरभरा सोंगून शेतात पडलेला होता आणि गहू पिवळा झाला होता. अशा दिवसांत वऱ्हाडातला माणूस देवाजवळ उघाड मागतो, पाऊस नव्हे. तरीही बाकाबाकांवरून सवयीने 'आमेन' निघाले. माझ्या बायकोचा आवाज सुरेल. तिचे 'आमेन' सर्वांत मोठे. मेहुणे उठले आणि सरळ बाहेर गेले.

दोनच दिवसांनी गारा पडल्या. मेहुण्यांच्या हरभऱ्याचा चिखल झाला. आधी कापून घरात आणलेला थोडा गहू तेवढा वाचला.

मी आयुष्यभर दिवाणी वकिली केली आहे. रागावलो की लिहितो. पाळकसाहेबांना पत्र लिहिण्याचे ठरवले, पण शब्दाचा अर्थ निश्चित केल्याशिवाय आरोप करणे मला मंजूर नाही. राजापेठेतल्या आमच्या घराखाली शिकवणीवर्गाची मुले गाड्यांचे हॉर्न वाजवीत होती आणि वर मी जाडजूड ग्रंथ उघडून बसलो होतो. 'वळवाचा पाऊस' याला मूळ हिब्रू शब्द 'मल्कोश'. त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो. मल्कोश म्हणजे त्या पावसाच्या अखेरच्या सरी. कणसे अजून हिरवी असताना येणाऱ्या, दाणा भरणाऱ्या. त्या पडून गेल्या की कापणीला आकाश कोरडे. त्यांचा महिना मार्च-एप्रिलचा, म्हणजे नेमका आमचे पीक खळ्याकडे निघण्याचा. मी लिहिले, 'महोदय, आपला दावा उत्तम आहे, परंतु तो चुकीच्या अधिकारक्षेत्रात दाखल झाला आहे.' हे वाक्य लिहून मला फार बरे वाटले.

बायकोने पत्र वाचून परत दिले.

"पाळकसाहेबांना कशाला हे? दादा त्यांच्यावर रागावलेलाच नाही."

"मग कोणावर?"

"माझ्यावर. आठ दिवसांवर ईस्टर आलाय. आईबाबांच्या कबरीवर आम्ही दोघं मिळून फुलं वाहतो. मी एकटी जाऊ का यंदा?"

तिचे डोळे भरलेले मला बघवत नाहीत. पत्र मी पोस्टात टाकलेच, कारण मुद्दा तो मुद्दा. पण दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याची गाडी धरली.

मेहुणे अंगणात बसून गहू वाळत घालत होते.

"या, जवाईबापू. एकटेच आले?"

"दादा, मी दिसत नाही काय तुले?" माहेरी आली की तिची बोली बदलते.

"दिसून राहिली ना. त्या दिवशी आयकूबी आली. माह्या हरभऱ्यावर आमेन! अन् तेबी काय सुरात!"

"तोंडातून निघून गेलं रे."

"बाकीच्यायचं निघालं, त मले काई नाई वाटलं. त्याच वावरातला हरभरा इकून बाबानं तुले शिकवलं. तुह्यं काहून निघावं?"

मी उभ्या उभ्याच तिची बाजू मांडायला घेतली. "हिने ज्याला आमेन म्हटले, तो मल्कोश, हिरव्या कणसात दाणा भरणारा पाऊस. गारांना त्या भाषेत 'बाराद' हा निराळा शब्द आहे. तो त्या प्रार्थनेत उच्चारलाच गेला नाही. तेव्हा तुमच्या बहिणीने गारांना संमती दिली, हे म्हणणे टिकत नाही."

"म्हंजे हिनं दाना भराले पानी मांगतलं?"

"हो."

"अन् देवानं भलतंच धाडलं?"

"देव या प्रकरणात पक्षकार नाही."

मेहुण्यांनी गव्हातून एकदा हात फिरवला. मग प्रथमच बहिणीकडे पाहिले. "बाई, घरी बोलू देत नाईस काय याइले? सारं इथं येऊन बोलतेत."

ती हसली आणि हसता हसता रडू लागली. ते उठले नाहीत. सरकून सावलीतली जागा मात्र त्यांनी तिला करून दिली. शेजारी बसून तीही गहू पसरू लागली.

"फुलं आनजो अमरावतीहून," ते म्हणाले. "मोगरा आनजो. मायले झेंडू चालत नव्हता."